नेपाळच्या खेड्यात व्हॉलंटियर म्हणून जाताय? दशैं-तिहार घरातल्यासारखा कसा करायचा

दशैं म्हणजे नेपाळचा दसरा, तिहार म्हणजे तिथली दिवाळी. दशैं बघायला मिळावा म्हणून बरेच व्हॉलंटियर सणाच्या चार दिवस आधी गावात पोचायचा प्लॅन करतात. असं अजिबात करू नका, निदान महिनाभर आधी जा. सणाच्या दिवशी गाव तुम्हाला घरातलं धरणार की पाहुणा, हे त्याआधीच्या साध्या दिवसांतच ठरतं. शिवाय दशैंच्या तोंडावर काठमांडूतली माणसं गावाकडे निघालेली असतात, बसची तिकिटं मिळता मिळत नाहीत, आणि फूलपातीला म्हणजे सातव्या दिवशी शाळा-ऑफिसं बंद झालेली असतात, मग शिकवायला गेला असाल तर शिकवणार कोणाला?

कागदपत्रांचं काही विशेष नाही, आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी होतात. घड्याळ १५ मिनिटं पुढे करायचं. तारखा मात्र विक्रम संवतातल्या, त्यामुळे गावात कोणी तारीख सांगितली की घरातल्या पात्रोमध्ये म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये बघून घ्या, नाहीतर गोंधळ नक्की.

आता रोजचं जगणं. डोंगरातल्या गावात पहाटे उठून चिया म्हणजे चहा, मग कामं, आणि नऊ-दहाच्या सुमाराला थेट डाळभात, दुपारी थोडासा खाजा म्हणजे हलकं खाणं, संध्याकाळी परत डाळभात. वेगळा नाश्ता मागू नका, त्यासाठी कोणाला तरी पुन्हा चूल पेटवावी लागते. वाढणारी आमा म्हणजे आई ताट रिकामं दिसलं की भात घालतेच, म्हणून वेळेत "पुग्यो" म्हणजे पुरे म्हणा. आणि जुठोचं म्हणजे उष्ट्याचं नीट सांभाळा: आपल्या ताटातला हात किंवा चमचा भांड्याला लावायचा नाही, पाणी वरून प्यायचं, आपल्या ताटातलं दुसऱ्याला द्यायचं नाही. चुलीजवळ जायच्या आधी विचारा, काही घरांत बाहेरच्याला तिथे चालत नाही, पण एकदा का बोलावलं की साग म्हणजे पालेभाजी निवडायला बसाच, गावातल्या खऱ्या गप्पा तिथेच होतात. मोठ्यांना नावाने हाक मारू नका, दाइ (दादा), दिदी (ताई), आमा, बा (वडील) म्हणा आणि "तपाईं" म्हणजे आदराचं तुम्ही वापरा.

गवत-लाकडं आणायला जाणाऱ्यांबरोबर जायचं तर डोको म्हणजे पाठीवरची टोपली पहिल्यांदा अर्धीच भरा, कारण सगळा भार कपाळावरच्या नाम्लोवर म्हणजे पट्ट्यावर येतो आणि सवय नसेल तर मान धरते. असारात म्हणजे जून-जुलैत गावात असाल तर रोपाइँ म्हणजे भातलावणी चुकवू नका. असार १५ ला चिखलात उतरून भात लावायचा आणि दही-चिउरा म्हणजे दही-पोहे खायचे, शेजारी एकमेकांच्या शेतात पर्मा करतात म्हणजे आज मी तुझ्याकडे उद्या तू माझ्याकडे. त्या पर्मात तुम्ही उतरलात तर गावाशी ओळख जी होते ती शाळेत वर्षभर शिकवूनही होत नाही, असं मला मनापासून वाटतं.

दशैंच्या आधी घरं रातो माटो म्हणजे लाल माती आणि कमेरो म्हणजे पांढऱ्या मातीने लिंपतात, त्यात हात घाला, कोणी नको म्हणत नाही. सण १५ दिवसांचा, घटस्थापनेपासून कोजाग्रत पौर्णिमेपर्यंत. पहिल्या दिवशी पेरलेला जमरा म्हणजे आपल्या घटातलं धनच समजा. अष्टमी-नवमीला खसी म्हणजे बोकड कापतात. शाकाहारी असाल तर पहिल्याच आठवड्यात "म मासु खान्न" सांगून टाका, ऐन सणाला सांगितलंत तर घरच्यांची पंचाईत होते. बळीच्या वेळी बघवत नसेल तर बाजूला व्हा, पण लेक्चर देऊ नका आणि फोटो काढू नका.

विजयादशमीला मोठी माणसं टीका म्हणजे टिळा लावतात. दही, अक्षता आणि शेंदूर-अबीर कालवून केलेला जाड टीका, वर जमरा आणि आशीर्वाद, हातात दक्षिणा. दक्षिणा परत करू नका, तिथे तुम्ही धाकटे आहात, घ्यायचीच. टीकेला कोणाकडे जाताना फळं-मिठाईची कोसेली म्हणजे भेट न्या. काही जनजातींमध्ये टीका पांढरा असतो. ज्या घरात वर्षभरात कोणी गेलंय ते टीका लावत नाहीत, तिथे आग्रह नको. मुलांबरोबर बांबूच्या पिंगवर झोके मात्र घ्याच.

मुलींसाठी एक महत्त्वाचं. पाळीच्या दिवसांत अनेक घरांत स्वयंपाकघर आणि टीका दोन्ही बंद असतं. यजमान दिदीशी आधीच मोकळेपणाने बोला. पण कोणी गोठ्यात किंवा वेगळ्या झोपडीत झोपायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा. पश्चिमेकडच्या काही भागांत पाळीत असं बाहेर झोपवायची ही प्रथा, छाउपडी, अजून आहे, २०१७ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि तिथे थंडीने, धुराने, सापाने मुली मेल्या आहेत. इथे रीतीभातीचा मान वगैरे काही नाही, तुमचा जीव पहिला.

तिहार पाच दिवसांचा: कावळा, मग कुत्रा, मग गाय आणि लक्ष्मी, चौथ्या दिवशी बैल-गोवर्धन, शेवटी भाइटीका म्हणजे भाऊबीज. कुकुर तिहारला गावातल्या भटक्या कुत्र्यांच्या गळ्यातही सयपत्री म्हणजे झेंडूच्या माळा असतात. देउसी-भैलोच्या म्हणजे घरोघरी गाणी म्हणत फिरणाऱ्या टोळीत जरूर सामील व्हा, शब्द येत नसले तरी चालतं, मागून "देउसी रे" म्हणायचं एवढंच.

भाइटीकेला एखादी दिदी भाऊ म्हणून बसवते, सप्तरंगी टीका लावते, मखमली नावाच्या फुलांची माळ घालते, उंबऱ्यावर अक्रोड फोडते. हो म्हणण्याआधी विचार करा, हे नातं पुढेही पाळायचं असतं, दरवर्षी फोन तरी करायलाच हवा. भेटवस्तू आधीच घेऊन ठेवा, गावातलं दुकान त्या दिवशी उघडं असेलच असं नाही. आणि परतीचं तिकीट भाइटीकेच्या दुसऱ्या दिवसाचं नको, एक तर शहराकडे परतणाऱ्यांची तुफान गर्दी असते, आणि त्याच सुमाराला भातकापणीची घाई असते, तेव्हा घराला तुमच्या दोन हातांची खरी गरज असते.