घानाचं शेंगदाण्याचं सूप करताय? या चुका टाळा

दाण्याची आमटी हातखंडा असेल, तर घानाचं न्कातेन्क्वान सहज जमेल असं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं. अकान भाषेत न्काते म्हणजे शेंगदाणे आणि न्क्वान म्हणजे सूप. घानातल्या खानावळींत रविवारी हे सूप ओमो तुओबरोबर, म्हणजे भाताच्या मऊ गोळ्यांबरोबर, आवडीने खातात. गंमत अशी की आमटीची सवयच इथे आडवी येते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गॅस लवकर बंद करणं. आमटी दोन उकळ्यांत होते, हे सूप होत नाही. दाण्यांचं वाटण पातेल्यात पडल्यावर बराच वेळ सूप फिकट आणि फेसाळ दिसतं. चाखलं तर जिभेवर पिठूळपणा राहतो. इथे घाबरून मीठ-तिखट वाढवू नका, थांबा. मंद आचेवर 35-40 मिनिटं द्या. आधी फेस बसतो, मग पातेल्याच्या कडेने नारिंगी तेलाचे बारीक थेंब दिसू लागतात. थेंब एकमेकांना मिळत जातात आणि मिसळीच्या कटावर असतो तसा तवंग धरतो. हे तेल दाण्यांचंच असतं, वरून घालायचं नाही. तवंग दिसला की सूप फाटलं असं समजू नका, ते आत्ता कुठे झालंय.

दुसरी चूक वाटणाची. कूट चालत नाही. भाजून, सालं काढून, कडू-खवट आणि काळे पडलेले दाणे निवडून टाका (एक कडू दाणासुद्धा चव बिघडवतो) आणि मिक्सर थांबवत-थांबवत फिरवत राहा. आधी कूट होतं, मग गोळा, आणि शेवटी तेल सुटून चमच्यावरून ओघळणारी गुळगुळीत पेस्ट. गोळ्यापाशी पाणी घालायचा मोह होतो, घालू नका. विकतचं पीनट बटर घेतलंत तर त्यात साखर नाही ना, हे डब्यावर वाचून घ्या. गोड सूप दुरुस्त होत नाही.

पाऊण किलो चिकनला 200 ग्रॅम दाणे आणि साधारण दीड लिटर पाणी पुरे. पेस्ट थेट उकळत्या पातेल्यात टाकली की गुठळ्या होतात. वाडग्यात कोमट रस्सा थोडा-थोडा घालून ती ताकासारखी सैल करा, मग ओता. झाल्याच असतील गुठळ्या, तर रस्सा गाळून घ्या आणि त्या चाळणीवर चमच्याने दाबून काढा. पातेलं मोठं घ्या, कारण हे सूप दुधासारखं उतू जातं. कुकर अजिबात नको. दाणे तळाशी बसून करपतात. बुडाला लागल्याचा वास आलाच, तर खरवडू नका. वरचं सूप दुसऱ्या पातेल्यात काढून घ्या.

फोडणी, गोडा मसाला, गूळ, आमसूल यातलं काहीच नको. चिकन आधी वाटलेला कांदा, आलं आणि मीठ लावून त्याच्याच पाण्यात वाफवतात. मग पाणी घालून त्यातच टोमॅटो, कांदा आणि मिरच्या अख्ख्या शिजवायच्या, बाहेर काढून वाटायच्या आणि गाळून परत सोडायच्या. आंबटपणा टोमॅटोचाच. सगळ्या मिरच्या वाटू नका, एक-दोन तरंगत राहू द्या. तिखट पुरेसं उतरलं की काढता येतात.

ब्रॉयलर कोंबडी एवढा वेळ टिकत नाही, मांस हाडावरून सुटून विरघळतं. शिजलं की तुकडे बाजूला काढा, तवंग आल्यावर परत घाला. गावठी कोंबडी मिळाली तर उत्तमच, तिला हवा तेवढा वेळ हे सूप आपणहून देतं.

ओमो तुओला मोकळा भात नको. आंबेमोहरासारखा चिकट तांदूळ जास्त पाण्यात गाळ शिजवा, गरम असतानाच लाकडी डावाने घोटा आणि ओल्या हाताने गोळे वळा. भात गार झाला की गोळ्यांना भेगा पडतात.

उरलेलं सूप दुसऱ्या दिवशी पिठल्याइतकं घट्ट होतं. गरम पाणी घालून मंद आचेवर ठेवा आणि चांगलं उकळल्यावर वर पुन्हा तवंग आला की उतरवा.