इंग्रजीतील ‘बेअर’ या क्रियापदाचे मूळ कसे शोधावे

‘बेअर’चे अर्थ वरवर विखुरलेले दिसतात : वाहून नेणे, सोसणे, जन्म देणे, फळ धरणे. व्युत्पत्ती शोधताना यांतील सर्वांत मूर्त अर्थ आधी वेगळा काढावा. येथे तो ओझे वाहण्याचा आहे. गर्भ पोटात वागवला जातो आणि दुःख मनावर पेलले जाते, म्हणून बाकीचे अर्थ त्यातूनच उमलले. त्यानंतर व्युत्पत्तिकोशात जुने रूप पाहावे. प्राचीन इंग्रजीत ते ‘बेरान’ असे होते, आणि ‘बर्थ’ व ‘बर्डन’ हे शब्दही त्याच मुळाचे आहेत.

यापुढची पायरी मराठी वाचकाला विशेष आनंद देणारी आहे. भगिनीभाषांतील, म्हणजे एकाच मूळ भाषेतून निघालेल्या भाषांतील, रूपे शेजारी ठेवली, की संस्कृत ‘भरति’, ग्रीक ‘फेरो’ आणि लॅटिन ‘फेरो’ एका रांगेत येतात, आणि आपला ‘भार’ हा रोजचा शब्द इंग्रजी क्रियापदाचा दूरचा नातलग ठरतो. मात्र केवळ उच्चारसाम्यावर कधीही विसंबू नये. संस्कृतातील आरंभीच्या ‘भ’च्या जागी इंग्रजीत ‘ब’ येतो, हा नियम ‘भ्राता’ व ‘ब्रदर’ यांसारख्या इतर जोड्यांतही टिकतो का, हे तपासावे. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये असे ध्वनिबदल सूत्रबद्ध मांडले. अस्वलाचा वाचक ‘बेअर’ उच्चाराने व लेखनाने तंतोतंत सारखा असला, तरी तो वेगळ्या मुळाचा शब्द असल्याने या कुळात धरू नये.