एमबॉक्सवरून मेलडिरवर गेल्यानंतर: न पोचणारे मेल आणि सुटलेला स्पॅम

एमबॉक्समध्ये फोल्डरमधले सगळे मेल एकाच फाइलमध्ये एकाखाली एक असतात. मेलडिरमध्ये प्रत्येक मेलची फाइल वेगळी. वरवर फरक एवढाच, म्हणून रूपांतराची स्क्रिप्ट चालवायची, एक सेटिंग बदलायचं आणि काम झालं म्हणायचं, अशी पद्धत पडली आहे. मग दुसऱ्या दिवशी निम्म्या लोकांचे मेल येत नाहीत, आणि ज्यांचे येतात त्यांच्या इनबॉक्सात स्पॅमचा ढीग. याचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. साठवण बदलताना मेल फोल्डरात टाकणारा प्रोग्रॅमही नकळत बदललेला असतो, आणि स्पॅमची गाळणी त्याच प्रोग्रॅमला टांगलेली होती.

इथे पोस्टफिक्स, प्रॉकमेल, स्पॅमअसॅसिन आणि डोव्हकॉट ही जुनी पण अजून ठिकठिकाणी चालू असलेली चौकडी गृहीत धरली आहे. पोस्टफिक्स मेल स्वीकारतं, प्रॉकमेल तो फोल्डरात टाकतो, स्पॅमअसॅसिन स्पॅम ओळखतं आणि डोव्हकॉट मेल वाचायला देतं. कमांड आणि सेटिंगांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाकायची.

आधी गळती थांबवा

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी पोस्टफिक्सच्या मेन डॉट सीएफमध्ये दोन ओळी टाका आणि रीलोड करा:

सॉफ्ट_बाउन्स = येस
डिफर_ट्रान्सपोर्ट्स = लोकल

पहिल्या ओळीमुळे परवानगीच्या चुकीसारख्या कारणाने नापास झालेला मेल पाठवणाऱ्याकडे परत न जाता रांगेत थांबतो. मेलडिरमध्ये लिहिता आलं नाही तर पोस्टफिक्स तो मेल थेट बाउन्स करू शकतं, म्हणून ही ओळ महत्त्वाची. दुसऱ्या ओळीमुळे सर्व्हर मेल स्वीकारत राहतो, पण फोल्डरात टाकत नाही. रांगेत मेल मुळात ५ दिवस टिकतो, तेव्हा दुपारचं जेवण करूनही काम करता येईल. मात्र सॉफ्ट बाउन्स कायम चालू ठेवू नका. नको असलेल्या मेललाही सर्व्हर ‘नंतर या’ म्हणत बसतो आणि तो पुन्हापुन्हा येतो.

लॉगमधले तीन शब्द

दुसरी ओळ क्षणभर काढून एक चाचणी मेल पाठवा आणि मेल लॉगमध्ये त्याची ‘स्टेटस=सेंट’ची ओळ शोधा. कंसात काय लिहिलंय त्यावर अर्धं निदान होतं. ‘डिलिव्हर्ड टू मेलडिर’ असेल तर पोस्टफिक्सने स्वतः मेल टाकला. ‘डिलिव्हर्ड टू मेलबॉक्स’ म्हणजे तो अजून जुन्या एमबॉक्स फाइलमध्येच जातोय. ‘डिलिव्हर्ड टू कमांड’ म्हणजे मेल प्रॉकमेलच्या हाती दिला. पुढे त्याचं काय झालं हे पोस्टफिक्सला माहीत नाही, ‘सेंट’ लिहिलं असलं तरी.

अपेक्षेपेक्षा वेगळं दिसलं तर उतरंड आठवा. लोकल, म्हणजे याच सर्व्हरवरच्या, डिलिव्हरीत पोस्टफिक्स आधी एलिआस आणि फॉरवर्ड फाइल बघतं, मग मेलबॉक्स_ट्रान्सपोर्ट, मग मेलबॉक्स_कमांड, त्यानंतर होम_मेलबॉक्स आणि शेवटी मेल_स्पूल_डिरेक्टरी. वरच्या पायरीवर काही सापडलं की खालचं वाचलंच जात नाही. होम_मेलबॉक्समध्ये मेलडिर लिहिलं तरी मेलबॉक्स_कमांडमध्ये प्रॉकमेल बसलेला असेल, तर तुमची नवी ओळ शोभेची. ‘पोस्टकॉन्फ -एन’ चालवून खरोखर लागू असलेली सेटिंगं बघा. फाइल डोळ्यांनी वाचण्यापेक्षा ते भरवशाचं.

उलटं झालं तर जास्त महागात पडतं. होम_मेलबॉक्स चालावं म्हणून कोणीतरी मेलबॉक्स_कमांडची ओळ काढते. मेल मेलडिरमध्ये व्यवस्थित पडू लागतात, सगळे खूश. पण प्रॉकमेलच स्पॅमसीला (स्पॅमअसॅसिनकडे मेल तपासायला देणाऱ्या प्रोग्रॅमला) हाक मारत होता, तो गेल्यावर स्पॅम तपासणारं कोणी उरलं नाही.

शेवटची तिरकी रेघ

होम_मेलबॉक्सच्या शेवटी ‘/’ असेल तरच पोस्टफिक्स त्याला मेलडिर मानतं. रेघ विसरली आणि त्या नावाचं फोल्डर नसलं, तर ‘मेलडिर’ नावाची एमबॉक्स फाइल तयार होते, मग डोव्हकॉट ‘हे फोल्डर नाही’ म्हणून ओरडतं.

प्रॉकमेलमध्येही हीच रेघ, पण चूक चोरटी. ‘डिफॉल्ट’ या व्हेरिएबलमध्ये मेलडिरच्या पुढे रेघ नसेल आणि फोल्डर अस्तित्वात असेल, तर प्रॉकमेल कुरकुर करत नाही. तो मेल ‘एमएसजी.’ने सुरू होणाऱ्या नावाच्या फाइलमध्ये थेट मेलडिरच्या मुळात टाकतो, न्यू किंवा कर या उपफोल्डरांत नाही. आयमॅपवाल्याला तो दिसत नाही. प्रॉकमेलच्या लॉगमध्ये ‘फोल्डर:’ची ओळ बघा: मार्गात ‘मेलडिर/न्यू/’ असेल तर ठीक, ‘मेलडिर/एमएसजी.’ असेल तर रेघ राहिली. रेघ घातल्यावर त्या अडकलेल्या फाइली एकेक करून प्रॉकमेललाच इनपुट म्हणून द्या, मेल पोचल्याची खात्री करा आणि मग त्या पुसा.

नियमांच्या सुरुवातीची ‘:०:’ ही खूणही बदला. दुसरा कोलन कुलूप मागतो. एमबॉक्सला ते लागायचं, कारण दोन मेल एकाच वेळी एका फाइलमध्ये लिहिले गेले तर फाइल बिघडते. मेलडिरमध्ये मेल आधी टीएमपीत लिहून होतो आणि मगच न्यूमध्ये सरकतो, त्यामुळे कुलूप नकोच; ‘:०’ पुरे.

परवानग्या आणि आयनोड

रूपांतर रूट म्हणून चालवलं की मेलडिरचा मालकही रूट होतो. लॉगमध्ये ‘क्रिएट मेलडिर फाइल’ आणि ‘परमिशन डिनाइड’ एकत्र दिसले की आधी इकडेच बघा. प्रत्येक वापरकर्त्याचं मेलडिर त्याच्याच नावावर, परवानगी ७००. मालक बदलताना -आर लावा, नाहीतर वरचं फोल्डर सुधारतं आणि आतलं टीएमपी तसंच राहतं. एसईलिनक्स (लिनक्सची जादा सुरक्षा व्यवस्था) चालू असलेल्या मशीनवर मालकी बरोबर असूनही नकार मिळतो. तिथे ‘रिस्टोरकॉन -आरव्ही’ मेलडिरवर चालवा.

‘नो स्पेस लेफ्ट’ असा निरोप येतोय आणि डिस्क तर अर्धी रिकामी? ‘डीएफ -आय’ चालवा. एमबॉक्समधले ४०,००० मेल म्हणजे एक फाइल होती, आता त्या ४०,००० फाइली आहेत. जागा उरली तरी आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणारी डिस्कवरची नोंद, संपू शकतात.

डोव्हकॉटला काय दिसतं

‘डोव्हकॉन्फ -एन’मध्ये मेल_लोकेशन बघा. डेबियनच्या पॅकेजमध्ये ते आधीपासून एमबॉक्सकडे वळवलेलं असायचं. डोव्हकॉट २.४ मध्ये हे एकच सेटिंग मेल_ड्रायव्हर आणि मेल_पाथ असं दोन भागांत लिहावं लागतं. जुन्या लेखातली ओळ तिथे चालणार नाही.

इनबॉक्स दिसतो पण जंक फोल्डर दिसत नाही, तर नावापुढचा टिंब तपासा. डोव्हकॉटच्या नेहमीच्या मांडणीत उपफोल्डर मेलडिरच्या आत ‘.जंक’ असं, टिंबासकट असतं. प्रॉकमेलच्या नियमात ‘जंक/’ लिहिलं तर मेल तिथे पडत राहतात आणि कोणालाच दिसत नाहीत. टिंब असूनही दिसत नसेल, तर मेल प्रोग्रॅममध्ये त्या फोल्डरला सबस्क्राइब करा.

याच टिंबाचा दुसरा त्रास: मेलडिरमध्ये टिंब म्हणजे फोल्डरांची पातळी. ‘पी.एफ.’ नावाचं जुनं एमबॉक्स फोल्डर जसंच्या तसं आणलं तर पीच्या आत एफ अशी उतरंड तयार होते. रूपांतराआधी अशा नावांतले टिंब काढून टाका.

देवनागरी नावांचं तर वेगळंच प्रकरण. ‘पावत्या’ असं फोल्डर आयमॅपमधून बनवलं की डिस्कवर ते ‘&’ने सुरू होणाऱ्या विचित्र अक्षरांत दिसतं, कारण डोव्हकॉट मुळात सुधारित यूटीएफ-७ वापरतं. प्रॉकमेलच्या नियमात सरळ ‘.पावत्या/’ लिहिलंत तर डिस्कवर वेगळंच फोल्डर तयार होतं आणि मूळ ‘पावत्या’ रिकामंच राहतं. ‘डोव्हएडीएम मेलबॉक्स एमयूटीएफ७’ ही कमांड योग्य रूप काढून देते, ते नियमात चिकटवा. सिव्हच्या (डोव्हकॉटमध्ये मेल वाटण्याचे नियम लिहायच्या भाषेच्या) नियमात मात्र साधं मराठी नाव चालतं.

सगळे मेल आजच्या तारखेचे दिसत असतील तर फाइली साध्या ‘सीपी’ने हलवल्या गेल्या. डोव्हकॉट मेल आल्याची वेळ फाइलच्या वेळेवरून घेतं. ‘सीपी -ए’ किंवा ‘आरसिंक -ए’ने ती टिकते. आणि पॉपवाले (मेल स्वतःच्या मशीनवर उतरवून घेणारे) ‘सगळे जुने मेल पुन्हा उतरले’ म्हणून फोन करत असतील, तर रूपांतरात मेलचे यूआयडी (ओळख क्रमांक) बदलले. एमबी२एमडीसारखी स्क्रिप्ट ते जपत नाही, ‘डोव्हएडीएम सिंक’ जपते. मोठ्या कार्यालयात ‘डोव्हएडीएम सिंक’च वापरा.

रूपांतरानंतर ‘डोन्ट डिलीट धिस मेसेज’ असा एक मेल प्रत्येक फोल्डरात उगवला, तर तो जुन्या आयमॅप सर्व्हरने किंवा पाइनने एमबॉक्सच्या सुरुवातीला ठेवलेली नोंद आहे. मेलडिरमध्ये तिचा उपयोग नाही, खुशाल पुसा.

स्पॅम का सुटतोय

सुटलेल्या एका स्पॅमची पूर्ण हेडरं उघडा. तीनपैकी एक चित्र दिसेल.

‘एक्स-स्पॅम’ने सुरू होणारं एकही हेडर नाही: मेल तपासलाच गेला नाही. एकतर वर सांगितल्याप्रमाणे प्रॉकमेल वाटेतून गेलाय, किंवा स्पॅमडी (स्पॅमसीने दिलेला मेल प्रत्यक्ष तपासणारा प्रोग्रॅम) बंद आहे. स्पॅमसीला स्पॅमडी सापडला नाही तर तो मेल न तपासता जसाच्या तसा पुढे सोडतो आणि यश कळवतो. मेल हरवू नये म्हणून ते तसं केलंय, पण त्यामुळे बिघाड आठवडाभर लक्षात येत नाही. सिस्टम लॉगमध्ये ‘कनेक्ट टू स्पॅमडी’ शोधा. फक्त मोठे मेल सुटत असतील तर मर्यादा बघा: स्पॅमसी मुळात ५०० केबीपेक्षा मोठा मेल तपासत नाही.

एक्स-स्पॅम-स्टेटस ‘येस’ आहे, तरी मेल इनबॉक्सात: तपासणी चालू, वाटणी मोडलेली. प्रॉकमेल असेल तर टिंब आणि रेघ. डोव्हकॉटच्या एलएमटीपीवर (पोस्टफिक्सकडून मेल घेऊन डोव्हकॉटच तो फोल्डरात टाकतं त्या पद्धतीवर) गेला असाल, तर प्रॉकमेलची फाइल आता कोणीच वाचत नाही. नियम सिव्हमध्ये लिहावा लागतो, आणि एलएमटीपीच्या मेल_प्लगिन्समध्ये सिव्ह असावं लागतं. इथे नेहमीची फसगत अशी: एक्स-स्पॅम-फ्लॅग बघून जंकमध्ये टाकणारा सिव्ह नियम लिहिला जातो, पण ते हेडर घालणारं कोणी उरलेलंच नसतं. सिव्ह एरवी स्वतः स्पॅमसी चालवत नाही. तपासणी पोस्टफिक्सच्या दारातच, मिल्टरमधून (पोस्टफिक्सला थेट जोडलेल्या गाळणीतून) करावी: स्पॅमअसॅसिनचा मिल्टर किंवा आरस्पॅमडी ही दुसरी गाळणी. साठवण पुन्हा कधी बदलली तरी ती मग अबाधित राहते. फक्त हा बदल आणि मेलडिरचा बदल एकाच दिवशी करू नका, कोणती चूक कशामुळे झाली ते कळणार नाही.

एलएमटीपीवर जाताच ‘युझर डझंट एक्झिस्ट’ येऊ लागलं, तर डोव्हकॉटला पूर्ण पत्ता मिळतोय आणि त्याच्याकडे फक्त युझरनेम आहे. २.३ मध्ये ऑथ_युझरनेम_फॉरमॅट ‘%एलएन’ केलं की सुटतं. त्यात एल कॅपिटल, एन लहान.

तिसरं चित्र: स्टेटस ‘नो’, गुण ५ च्या खाली. तपासणी झाली, गाळणीने ओळखलं नाही. त्याच हेडरमध्ये चाचण्यांची यादी असते, तीत ‘बेज’ने सुरू होणारं नाव शोधा. एकही नसेल तर शिकलेली माहिती वापरलीच जात नाही. बेजला (शिकवलेल्या मेलवरून स्पॅम ओळखणाऱ्या भागाला) किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकवलेले लागतात. ‘एसए-लर्न --डंप मॅजिक’ने दोन्ही आकडे दिसतात, पण ज्या युझरच्या नावाने स्पॅमडी मेल तपासतो त्याच युझरने ही कमांड चालवा. रूट म्हणून शिकवलेलं रूटच्या घरात जातं, तुमच्या मेलला त्याचा उपयोग नाही.

आता क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) बघा. रोज रात्री शिकवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ‘--एमबॉक्स’ आणि जुन्या फाइलचा मार्ग तसाच असतो. ती रोज चालते, ० मेल शिकते, आणि क्रॉनचं आउटपुट कोणी वाचत नाही. ‘--एमबॉक्स’ काढा आणि ‘.जंक/कर’ व ‘.जंक/न्यू’ अशी दोन फोल्डरं द्या. चांगल्या मेलसाठी इनबॉक्सचं फक्त ‘कर’ द्या, कारण न्यूमध्ये अजून कोणी न पाहिलेले मेल असतात आणि त्यांत स्पॅमही असतो.

मधल्या काळात अडकलेले मेल

रूपांतरानंतरही स्पूलमधल्या (सर्व्हरच्या जुन्या मेल फोल्डरातल्या) एमबॉक्स फाइली वाढत राहिल्या असतील. प्रत्येकीचा आकार आणि वेळ बघा. ज्या वाढल्या त्या डिलिव्हरी थांबलेली असतानाच दुसऱ्या नावाने बाजूला हलवा, आणि वापरकर्ता म्हणून ‘फॉरमेल -एस प्रॉकमेल’ला त्या इनपुट म्हणून द्या. फॉरमेल फाइल कापून एकेक मेल देतो, तो मेल तपासणीतून जाऊन योग्य फोल्डरात पडतो. जुने आणि नवे मेल एकाच फाइलमध्ये असतील तर आधी जुने वेगळे काढा, नाहीतर सगळे दुप्पट होतील.

शेवटची चाचणी स्पॅमअसॅसिनसोबत येणाऱ्या नमुना स्पॅम फाइलने करा. तिच्यातल्या जीट्यूब या खास चाचणीच्या ओळीला १००० गुण मिळतात, त्यामुळे ती जंकमध्ये गेलीच पाहिजे. ती बाहेरच्या खात्यावरून पाठवू नका, वाटेतच कोणीतरी अडवेल. डिफर_ट्रान्सपोर्ट्सची ओळ पुन्हा क्षणभर काढून त्याच सर्व्हरवरून सेंडमेल कमांडने द्या. गेली की डिफर_ट्रान्सपोर्ट्स रिकामं करा, रीलोड करा आणि ‘पोस्टक्यू -एफ’ चालवा. रांग ओसरली आणि लॉगमध्ये नवी चूक दिसली नाही की सॉफ्ट_बाउन्सची ओळही काढा.