वाचनालयाचा डेटाबेस घरच्या घरी कसा बनवायचा (एक्सेल येत असेल तर हेही येईल)

डेटाबेस शिकायचाय म्हटलं की लोक आधी मोठा कोर्स शोधतात, पण खरं सांगायचं तर एखादं लहान, खरं काम हातात घ्या आणि त्यावरच शिका, लवकर डोक्यात बसतं. मी इथे गावातलं किंवा सोसायटीतलं छोटं वाचनालय घेतोय, कारण त्याचं रजिस्टर सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

आधी एक्सेलमध्ये अडतं कुठे ते बघू. समजा एकच शीट आहे, पुस्तक, सभासदाचं नाव, फोन, दिलेली तारीख, परत तारीख. कुलकर्णी काकूंनी वर्षभरात ४० पुस्तकं नेली तर त्यांचा फोन नंबर ४० ओळींत पडला. आता नंबर बदलला की ४० जागी बदलायचा, त्यातल्या ३ राहिल्या की खरा नंबर कुठला हे कोणालाच सांगता येत नाही. वर कोणी "कुलकर्णी काकू" लिहिलंय, कोणी "सौ. कुलकर्णी", कॉम्प्युटरला त्या दोन वेगळ्या बायका. आणि शीटला मर्यादा पण असते. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाचे जवळपास १६,००० रुग्ण मोजणीतून सुटले, कारण डेटा एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये घेत होते आणि त्यात एका शीटवर ६५,५३६ ओळींच्या वर काही बसत नाही. रुग्ण मोजायचे राहिले म्हणजे त्यांच्या संपर्कातल्या लोकांना कळवायलाही उशीर झाला.

यावरचा उपाय १९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी मांडला: माहिती वेगवेगळ्या टेबलांत ठेवा, एक गोष्ट एकाच जागी लिहा, आणि टेबलं एकमेकांना नंबराने जोडा. बाकी सगळं यातूनच निघतं, म्हणून इथे घाई करू नका.

आपल्याला तीन टेबलं लागतात. "पुस्तके" मध्ये दाखल_क्रमांक, शीर्षक, लेखक. "सभासद" मध्ये क्रमांक, नाव, फोन. आणि "देवघेव" मध्ये फक्त सभासद_क्रमांक, दाखल_क्रमांक, दिलेली_तारीख, परत_तारीख. देवघेवमध्ये नाव नाही, फोन नाही, नुसता सभासद क्रमांक, म्हणजे काकूंचा फोन आता एकाच ओळीत बदलला की काम झालं. दाखल क्रमांक प्रत्येक प्रतीचा वेगळा असतो, म्हणून तो प्राइमरी की, म्हणजे ओळीची पक्की ओळख. (नाव कधीच प्राइमरी की करू नका, एका गावात चार संजय पाटील असतातच.) देवघेवमधले ते दोन क्रमांक म्हणजे फॉरेन की, ते दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतात.

आता सॉफ्टवेअर. एसक्यूलाइट घ्या, फुकट आहे, सर्व्हर लागत नाही, अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये राहतो. तुमच्या फोनमध्ये तो आधीपासून आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही वापरतात. तो हाताळायला कॉम्प्युटरवर "डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट" हा प्रोग्राम टाका, न्यू डेटाबेसवर क्लिक करा, फाइलला नाव द्या, की टेबल बनवायची खिडकी येते. टेबल आणि कॉलमची नावं मराठीत दिली तरी चालतात, फक्त स्पेसऐवजी अंडरस्कोर. पुस्तके आणि सभासद मधल्या क्रमांकाला इंटिजर (पूर्ण आकडा) निवडा आणि पीके, म्हणजे प्राइमरी की, वर टिक करा, देवघेवमधल्या दोन क्रमांकांना नुसतं इंटिजर, बाकी सगळ्याला टेक्स्ट (मजकूर). हो, फोनलाही टेक्स्टच, त्याची बेरीज करायची नसते आणि इंटिजर केला तर सुरुवातीचा शून्य उडतो. फॉरेन की त्याच खिडकीत लावता येते, आणि एडिट प्रॅग्माज टॅबमध्ये फॉरेन कीजवर टिक आहे ना ते बघून घ्या, नाहीतर नसलेल्या सभासदाच्या नावावर पण पुस्तक जाईल.

तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा, २०२५-०६-१४ सारखी, म्हणजे क्रमवारी आपोआप बरोबर लागते. टाइप करताना आकडे मात्र इंग्रजी टाका, एसक्यूलाइटच्या तारखेच्या हिशोबाला मराठी आकडे कळत नाहीत.

जुनी यादी एक्सेलमध्ये असेल तर ती "सीएसव्ही यूटीएफ-८" म्हणून सेव्ह करा (सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी फाइल), साधं सीएसव्ही केलंत तर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येऊ शकतात. मग फाइल, इम्पोर्ट, टेबल फ्रॉम सीएसव्ही.

आता मजेचा भाग. डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा म्हणजे एसक्यूएल, आणि तिच्यातला प्रश्न म्हणजे क्वेरी. एक्झिक्यूट एसक्यूएल टॅबमध्ये ही क्वेरी लिहा, कमांडचे शब्द इंग्रजी अक्षरांत आणि आपली नावं मराठीत:

सिलेक्ट नाव, फोन, शीर्षक फ्रॉम देवघेव
जॉइन सभासद ऑन देवघेव.सभासद_क्रमांक = सभासद.क्रमांक
जॉइन पुस्तके ऑन देवघेव.दाखल_क्रमांक = पुस्तके.दाखल_क्रमांक
व्हेअर परत_तारीख इज नल;

सिलेक्ट म्हणजे काय दाखवायचं, जॉइन म्हणजे कुठली टेबलं कशी जोडायची, व्हेअर म्हणजे अट. कोणाकडे कुठलं पुस्तक राहिलंय आणि फोन कुठे करायचा, सगळी यादी समोर. यात "नल" म्हणजे काहीच भरलेलं नाही. चुकून तारीख टाकून मग खोडली तर तिथे नल न राहता रिकामा मजकूर राहू शकतो आणि ती ओळ यादीत येत नाही, तेव्हा त्या चौकटीवर राइट क्लिक करून सेट टू नल करा.

डिलीट (ओळी काढणं) आणि अपडेट (ओळी बदलणं) लिहिताना व्हेअर विसरू नका, व्हेअर नसेल तर टेबलातल्या सगळ्या ओळींवर घाव पडतो. घाबरू नका पण, राइट चेंजेस दाबेपर्यंत काहीच पक्कं होत नाही, रिव्हर्ट चेंजेस केलं की परत जागेवर. आणि रोज बंद करताना राइट चेंजेस दाबा, मग प्रोग्राम बंद करून फाइलची कॉपी पेनड्राइव्हवर.

दोन जागी बसून दोन कॉम्प्युटरवरून एकाच वेळी नोंदी करायच्या असतील तर ही फाइल नेटवर्कच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवू नका, बिघडू शकते. तिथे मायएसक्यूएल, मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस लागतं, सर्व्हरवर चालणारं, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड देता येणारं. मला विचाराल तर पोस्टग्रेस घ्या. टेबलांची रचना हीच राहते आणि वरची सिलेक्ट क्वेरी तिथे जशीच्या तशी चालते.