नोइतामधली वाँड कशी बांधायची: आधी विशेषण, मग नाम

नोइता खेळायला घेतला की पहिले दहाबारा रन (म्हणजे सुरुवातीपासून मरेपर्यंतचा एकेक डाव) सगळ्यांचे सारखेच जातात, खाणीत उतरायचं, दिसेल ती वाँड, म्हणजे जादूची कांडी, उचलायची, जी जास्त जोरात फुटते ती हातात ठेवायची आणि बर्फाळ लेव्हलला पोचेपर्यंत मरायचं. बरेच जण इथेच गेम सोडून देतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण ह्या गेमचा सगळा जीव त्या कांडीत आहे आणि ती उघडून आतले स्पेल, म्हणजे मंत्र, हलवायला लागलात की मगच खरा गेम सुरू होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नोइता हा फिनलंडच्या नोला गेम्सचा गेम, सप्टेंबर २०१९ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला आणि १५ ऑक्टोबर २०२० ला पूर्ण रिलीज झाला. नोइता म्हणजे फिनिशमध्ये चेटूक करणारा किंवा करणारी, आणि आपण ज्याला चालवतो त्या जांभळ्या झग्यातल्या पात्राला मिना म्हणतात, त्याचा अर्थ सरळ "मी". ह्या मिनाला स्वतःची अशी ताकद जवळपास नाहीच, एक लाथ मारता येते बस, बाकी जे काय करायचं ते हातातल्या वाँडनेच. एका वेळी चार वाँड जवळ ठेवता येतात. मेलात की सगळं गेलं, परत शून्यापासून. म्हणून वाँड बांधायला शिकणं हेच ह्या गेममधलं एकमेव कौशल्य जे मेल्यावरही तुमच्याकडे राहतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. वाँड वेगळी आणि तिच्यातले स्पेल वेगळे. सापडलेली वाँड जशीच्या तशी वापरायची सवय लवकरात लवकर मोडा, कारण भंगार वाँडमध्ये सोन्यासारखा स्पेल असू शकतो आणि मस्त वाँडमध्ये फालतू स्पेल भरलेले असू शकतात. आपण अंग एकीचं घ्यायचं आणि जीव दुसरीचा.

अंग म्हणजे ते आकडे जे वाँडवर माउस नेला की दिसतात. पहिलं बघायचं ते शफल. शफल "नो" असेल तर स्पेल डावीकडून उजवीकडे ओळीने सुटतात, "येस" असेल तर क्रम दर वेळी वेगळा, मग तुम्ही कितीही डोकं लावून रचना केलीत तरी उपयोग नाही. शफलवाल्या वाँडचे बाकीचे आकडे बऱ्याचदा चांगले असतात म्हणून मोह होतो, तेव्हा अशी वाँड ठेवायचीच असेल तर तिच्यात सगळे एकाच जातीचे स्पेल भरा, एकसारख्या पत्त्यांचा डाव कितीही पिसला तरी काय फरक पडणार. नाहीतर तिच्यातले स्पेल काढून घ्या आणि रिकामी कांडी तिथेच टाका.

मग कास्ट डिले आणि रिचार्ज टाइम. डिले म्हणजे एक स्पेल सुटल्यावर पुढचा सुटेपर्यंतचा वेळ, रिचार्ज म्हणजे सगळी ओळ संपल्यावर परत पहिल्यापासून सुरू व्हायला लागणारा वेळ. हे दोन्ही शेवटी एकदमच चालू होतात, त्यामुळे ओळ संपली की दोघांमधला जो मोठा तेवढंच थांबावं लागतं, बेरीज होत नाही. मग मॅना, म्हणजे स्पेल सोडायला खर्च होणारी जादूची शक्ती, त्यात दोन आकडे, टाकी केवढी आणि नळ केवढा. नवीन माणूस नेहमी टाकी बघतो, मी म्हणेन आधी नळ बघा, म्हणजे मॅना चार्ज स्पीड, कारण ५०० ची टाकी रिकामी झाली आणि नळ थेंबथेंब असला की ऐन लढाईत हातात काठी उरते. मॅना कमी पडला तर वाँड अडून बसत नाही, तो महागडा स्पेल गाळून पुढचा सोडते, त्यामुळे "माझी वाँड अचानक कमजोर का झाली" ह्याचं उत्तर दहापैकी नऊ वेळा हेच असतं. कपॅसिटी म्हणजे खाने किती, ते कळतंच.

आता मुख्य गोष्ट, क्रम. मला हे बराच काळ नीट कळत नव्हतं आणि एक दिवस एकदम लक्षात आलं की अरे ही तर आपल्या व्याकरणासारखी ओळ आहे. मराठीत आपण "लाल मोठी गाडी" म्हणतो, विशेषण आधी, नाम नंतर. नोइतात तसंच. मॉडिफायर म्हणजे विशेषण, तो नेहमी पुढे येणाऱ्या स्पेलला लागतो. प्रोजेक्टाइल म्हणजे नाम, म्हणजे खरोखर उडणारी वस्तू. आणि डबल स्पेल, ट्रिपल स्पेल हे जे मल्टिकास्ट आहेत ते म्हणजे "आणि", दोन किंवा तीन गोष्टी एकाच वेळी सोड म्हणून सांगणारे. मॉडिफायर शेवटच्या खान्यात एकटा ठेवला तर ते "मोठी" म्हणून गप्प बसल्यासारखं आहे, वाँड मग गोल फिरून परत पहिल्या खान्यात नाम शोधायला जाते. हे गोल फिरणं पुढे तुम्ही मुद्दाम वापरायला शिकाल, सुरुवातीला फक्त एवढं लक्षात ठेवा की विशेषणाच्या पुढे काहीतरी हवं.

आणि ह्यातली गंमत अशी की "आणि"च्या आत आलेलं विशेषण सगळ्यांना लागतं. इथे जरा थांबून एक वाँड हातात घेऊन बघू.

समजा शफल नो, एका कास्टला (म्हणजे वाँड एकदा सोडली की) एक स्पेल, कास्ट डिले ०.१० सेकंद, रिचार्ज ०.५० सेकंद, मॅना २००, चार्ज सेकंदाला ६०, खाने ५. अशी वाँड काही फार दुर्मिळ नाही. तुमच्याकडे दोन स्पार्क बोल्ट (सगळ्यात साधा उडणारा स्पेल) आहेत, एकाचं डॅमेज ३ आणि मॅना ५. नुसते दोन टाकले तर ३ आणि ३, चिमटे काढल्यासारखं. आता ओळ अशी लावा: डबल स्पेल, डॅमेज प्लस, स्पार्क बोल्ट, स्पार्क बोल्ट. डॅमेज प्लस प्रत्येकी १० वाढवतो आणि एकदाच ५ मॅना घेतो, पण डबल स्पेलमुळे दोन्ही बोल्ट एकाच कास्टमध्ये आहेत म्हणून दोघांनाही लागतो. म्हणजे १३ आणि १३, एका क्लिकला २६, खर्च १५ मॅना. डिले ०.१० अधिक डॅमेज प्लसचा ०.०८ अधिक बोल्टचे ०.०५ आणि ०.०५, झाला ०.२८, रिचार्ज ०.५० म्हणजे तोच मोठा, सेकंदाला दोन वेळा वाँड सुटणार. सेकंदाला ५२ डॅमेज आणि ३० मॅना, नळ ६० चा आहे, ही वाँड कधीच कोरडी पडणार नाही. ज्या स्पार्क बोल्टला लोक कचरा म्हणून फेकतात त्याच्यातून हे निघालं.

पाचवा खाना अजून रिकामा आहे. तिथे चेनसॉ मिळाला तर देव पावला म्हणा. चेनसॉ हा जवळून कापणारा स्पेल म्हणून दिलाय पण जाणती मंडळी तो कापायला वापरतच नाहीत, कारण तो त्या कास्टचा डिले शून्य करतो आणि रिचार्जमधून ०.१७ सेकंद कमी करतो, आणि मॅना घेतो फक्त १. डबलच्या जागी ट्रिपल स्पेल टाका आणि चेनसॉ शेवटी ठेवा: ट्रिपल, डॅमेज प्लस, बोल्ट, बोल्ट, चेनसॉ. रिचार्ज ०.५० चा ०.३३ झाला, म्हणजे सेकंदाला तीन वेळा, दर वेळी १८ मॅना, सेकंदाला ५४. नळ ६० चा. अगदी काठावर बसलं! नुसत्या बोल्टचं डॅमेज सेकंदाला ७८ वर गेलं. नेम थोडा फाकतो, चेनसॉमुळे स्प्रेड ६ अंशांनी वाढतो, ते सहन करायचं.

चेनसॉ शेवटीच का, तर तो ज्या क्षणी वाचला जातो त्या क्षणी डिले शून्य करतो, त्याच्यानंतर जे स्पेल येतील ते आपापला डिले परत चढवतात. ह्या वाँडमध्ये रिचार्जच मोठा आहे म्हणून फरक जाणवणार नाही, पण ज्या वाँडचा रिचार्ज मुळात कमी आहे तिथे खूप जाणवतो. आणि एक सावधगिरी, हीच ओळ ०.३३ रिचार्जच्या वाँडवर लावलीत तर सेकंदाला सहा वेळा सुटेल, खर्च १०८ मॅना, आणि २०० ची टाकी साधारण चार सेकंदांत संपेल. मग गाळणं सुरू. वेग वाढवायच्या आधी नळाचा हिशोब करा, हे मी कळकळीने सांगतोय. अ‍ॅड मॅना नावाचा स्पेल मिळाला तर तो दर वेळी ३० मॅना परत देतो, डिले ०.१७ ने वाढवतो, पण पुढे चेनसॉ बसलेला असेल तर तो डिलेही पुसला जातो, म्हणून ही जोडी जपून ठेवायची.

ट्रिगर हा दुसरा मोठा विषय. "स्पार्क बोल्ट विथ ट्रिगर" म्हणजे बोल्ट जाऊन कुठेतरी आपटला की त्याच्या पोटातला पुढचा स्पेल तिथे सुटतो. पुरणपोळीसारखं समजा, बाहेर पातळ पारी आणि खरा माल आत. पारीच्या आधी ठेवलेला डॅमेज प्लस फक्त पारीला लागतो, पुरणाला नाही, पुरणाला लावायचा असेल तर तो ट्रिगरच्या नंतर, त्या आतल्या स्पेलच्या आधी ठेवा. ही चूक सगळेच करतात. फायदा असा की आतल्या स्पेलचा कास्ट डिले धरला जात नाही, रिचार्जवरचा परिणाम मात्र धरला जातो. म्हणजे जे जड, आळशी स्पेल एरवी वाँड लंगडी करतात ते ट्रिगरच्या पोटात ढकलायचे, शिवाय ते तुमच्यापासून लांब सुटतात, हे जिवासाठीही बरं.

आता हे सगळं करायचं कुठे? दोन लेव्हलच्या मधे होली माउंटन लागतो, तिथेच वाँड उघडता येते, एरवी नाही. फक्त "टिंकर विथ वाँड्स एव्हरीव्हेअर" हा पर्क (त्या रनपुरती मिळणारी खास ताकद) मिळाला तर कुठेही करता येतं, आणि पर्क तीनपैकी एकच घेता येतो तरी नवीन माणसाने हा दिसला की डोळे झाकून घ्यावा असं माझं मत आहे, कारण शिकायला मिळतं ते हात चालवून. होली माउंटनमध्ये घाई करू नका. तब्येत भरून मिळते, संपलेले बॉम्ब वगैरे परत भरतात, तिथे कुणी मारायला येत नाही. बाहेर पडलात की मागे सगळं कोसळतं आणि परत येऊन "तो एक स्पेल बदलायचा राहिला" असं चालत नाही. सुटे स्पेल सोळा ठेवता येतात, तेवढे भरून न्या.

बांधलेली वाँड तिथेच एकदा सोडून बघा, पण स्फोट होणारं काही असेल तर नको. माझा एक रन, बहुतेक आतापर्यंतचा सगळ्यात चांगला, असाच गेला. ट्रिगरमध्ये बॉम्ब भरला, आनंदाच्या भरात भिंतीकडे तोंड करून सोडला, विटा फुटल्या, देव कोपल्याचा मेसेज आला आणि स्टेवारी नावाचा रखवालदार समोर उभा. पळायलाही जागा नव्हती. ते देऊळ आहे, तिथली भिंत फोडायची नाही, साधे बोल्ट सोडून क्रम बरोबर आहे एवढं बघायचं आणि स्फोटकांची ट्रायल बाहेर पडल्यावर, लांबच्या भिंतीवर.

चार वाँडमधली एक कायम खणायला ठेवा. लोक चारही लढाईच्या ठेवतात आणि मग ज्वलंत तेलाच्या खड्ड्याशेजारी अडकून पडतात. डिगिंग बोल्टला मॅना शून्य लागतो, त्यामुळे अगदी भिकार मॅनाची, पण शफल नसलेली छोटी वाँडसुद्धा ह्या कामाला चालते. लुमिनस ड्रिल मिळाला तर अजून उत्तम, १० मॅना घेतो पण डिले इतका खाली आणतो की बटण दाबून धरलं की डोंगर लोण्यासारखा कापत जातो. ही वाँड चौथ्या नंबरला ठेवा आणि तिची जागा कधीच बदलू नका, म्हणजे आग लागली, वरून सांडपाणी पडतंय, मागून तीन हिसी (गेममधले शत्रू) गोळ्या घालतायत अशा वेळी बोट विचार न करता तिथेच जातं.