थंडीच्या दिवसांत विमानाच्या कापडावर लेप फवारताना

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन, मिनेसोटा अशा उत्तरेकडील राज्यांत घरी विमान बांधणाऱ्यांचे बरेचसे काम हिवाळ्यात चालते, कारण जुलैअखेरीस विस्कॉन्सिनमधील ओशकोश येथे भरणाऱ्या विमानप्रेमींच्या मेळाव्यापर्यंत विमान तयार व्हावे अशी अनेकांची इच्छा असते. सांगाड्यावर पॉलिएस्टरचे कापड चिकटवणे, इस्त्रीने ते आवळून घेणे आणि पॉली-ब्रश या कापडात मुरणाऱ्या लेपाचा पहिला हात ब्रशने देणे ही कामे गरम केलेल्या गॅरेजमध्ये फारशी अडचण न येता होतात. फवारणीचे मात्र तसे नाही. तिथे खोलीतील तापमापक काय दाखवतो यापेक्षा कापड व रंग स्वतः किती गरम आहेत आणि हवेत ओलावा कुठून येतो आहे, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

लेपातील द्रावक उडून जाताना पृष्ठभागाची उष्णता सोबत नेतो, त्यामुळे ओले कापड भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड होते. हवा २० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे दव होऊ लागते तो, सुमारे १२ अंशांवर असतो. कापडही २० अंशांवर असेल, तर हाताशी आठ अंशांची सवलत असते. पण रात्रभर थंड पडलेला पंख सकाळी घाईने गरम केलेल्या खोलीत अजून १४ अंशांवरच असेल, तर दोन अंश उतरताच ओल्या लेपावर दव धरते. त्या पाण्याने लेपातील राळ वेगळी पडते आणि पांढुरकी, धुरकट झाक दिसू लागते. बांधणारे तिला ब्लश म्हणतात. हा केवळ दिसण्याचा दोष नाही, कारण असा थर कमजोर असतो आणि त्यावरचा पुढचा थर नीट धरत नाही.

खरे तर कडाक्याच्या थंडीतली हवा कोरडी असते. बाहेरची उणे १० अंशांची हवा आत घेऊन २० अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता फार तर १२ टक्क्यांच्या आसपास राहते. ओलावा आपणच आत आणतो: बुटांना लागलेला बर्फ वितळून, फरशी धुऊन आणि सर्वाधिक म्हणजे धुराड्याविना चालणाऱ्या हीटरमधून. एक किलो प्रोपेन जळल्यावर सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने खोलीत येते, आणि रॉकेलच्या हीटरचीही तीच गत आहे.

असा हीटर टाळण्याचे याहून मोठे कारण आगीचे आहे. या लेपांत वापरल्या जाणाऱ्या मेथिल इथिल कीटोन या द्रावकाची वाफ उणे ९ अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि हवेत तिचे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी असतानाही भडका उडू शकतो. म्हणून फवारणीच्या वेळी त्या जागेत कोणतीही ज्योत, तापलेली तार किंवा ठिणगी पाडणारी मोटर नसावी. पाणी तापवणाऱ्या गॅसच्या बंबातली छोटी ज्योत अनेकांच्या ध्यानात येत नाही, तीही विझवावी.

उष्णता द्यायची ती आदल्या दिवसापासून द्यावी. फरशी, सांगाडा आणि कापड पूर्ण तापले की हीटर बंद करून थोडा वेळ काम करता येते, कारण वाफ बाहेर ओढणारा पंखा गरम हवा बाहेर टाकत असला तरी तापलेली फरशी काही काळ उष्णता देत राहते. पंखा ठिणगीरोधक असावा आणि जमिनीलगत बसवावा. बाहेर गेलेल्या हवेच्या जागी येणारी हवा थेट बाहेरून न घेता शेजारच्या गरम खोलीतून, गाळणीतून आत घ्यावी. बाहेर बसवलेल्या बॉयलरच्या गरम पाण्याने तापणारी फरशी ज्यांच्याकडे आहे, त्यांचे काम बरेच सोपे होते.

रंगाचे डबे आणि स्प्रे गनही त्याच खोलीत आदल्या रात्रीपासून ठेवावीत. थंड रंग घट्ट होतो, बारीक थेंबांत नीट फुटत नाही आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसतो. तेव्हा जास्त थिनर ओतून तो पातळ करण्याचा मोह होतो, पण त्याने थर ओघळतो आणि पातळही बसतो. त्याऐवजी बंद डबा ज्योतीपासून दूर, गरम पाण्याच्या बादलीत ठेवावा. थिनर त्या दिवसाच्या तापमानाला साजेसा, उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणेच निवडावा आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे द्रव एकमेकांत मिसळू नयेत. कंप्रेसर वेगळ्या खोलीत ठेवून त्याच्या टाकीतील पाणी आधी काढावे, कारण दाबलेली गरम हवा लांब नळीत थंड होते तेव्हा तिच्यातले पाणी गनपर्यंत पोहोचते. म्हणून पाणी अडवणारा सापळा गनच्या बाजूला हवा.

कोरड्या हवेचा तोटा म्हणजे स्थिर वीज. पॉलिएस्टर कोरड्या फडक्याने पुसले की ती साठते, म्हणून सांगाडा तारेने जमिनीशी जोडावा आणि नायलॉनऐवजी सुती कपडे घालावेत. दोन भागांच्या पॉलियुरेथेन रंगात आयसोसायनेट असते; त्यासाठी साधा गाळणीचा मास्क न वापरता बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटाच घ्यावा.

माझ्या मते हिवाळ्यात एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेचे हलणारे पट्टे), सुकाणू आणि शेपटीचे छोटे भाग रंगवावेत आणि पंख व धड मे महिन्यासाठी राखून ठेवावेत. छोटा भाग संपूर्ण तापवता येतो आणि लवकर आटोपतो. आधी कापडाच्या सुट्या तुकड्यावर एक हात फवारून दहा मिनिटे पाहावे. ब्लश दिसला तर तिथेच थांबावे. प्रत्यक्ष भागावर तो आलाच, तर वरून दुसरा थर देऊन झाकू नये. हवा कोरडी व कापड गरम झाल्यावर, त्याच कंपनीच्या लेपपद्धतीतील रिटार्डर (वाळणे मंद करणारा द्रव) आणि थिनरच्या मिश्रणाचा हलका फवारा मारला की वरचा थर पुन्हा विरघळून सपाट बसतो. मग खोली रात्रभर गरम ठेवून आणि हवा खेळती राखून तो पूर्ण वाळू द्यावा व त्यानंतरच पुढचा हात घ्यावा.