युगांडाला स्वयंसेवक म्हणून निघालेल्या मैत्रिणींसाठी: बॅगेत काय भरायचं, काय तिथे घ्यायचं

युगांडात कामाला निघालेल्या मुलींचे मला वरचेवर फोन येतात. कुणी नर्स असते, कुणी शिक्षिका, कुणी नुकतंच एमएसडब्ल्यू झालेली. पहिला प्रश्न व्हिसाचा असतो, पण पाच मिनिटांत विषय बॅगेवर येतो: कपडे कुठले घेऊ, किती घेऊ, जीन्स चालते का? संस्था सामानाची यादी पाठवतात खरी, पण ती बहुतेक वेळा युरोप-अमेरिकेतून येणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. तिच्यात हायकिंगचे बूट असतात आणि सनस्क्रीनच्या बाटल्या असतात. मंगळसूत्राचं काय करायचं हे नसतं. मी जिंजाजवळ, बुसोगा भागात, गावातल्या एका आरोग्य केंद्रात आणि आसपासच्या शाळांमध्ये मुलींच्या आरोग्याचं काम केलं. ते करताना जे कळलं ते इथे मांडते आहे.

माझा हिशेब सरळ आहे. अंगाला लागतं ते घरून न्यायचं, वरून दिसतं त्यातलं निम्मं तिथे घ्यायचं.

सुरुवात अंतर्वस्त्रांपासून, कारण नेमकं यावरच कुणी मोकळेपणाने बोलत नाही. ती सगळी सुती न्या, आणि भरपूर न्या. कारण उकाड्याचं नाही. जिंजाची हवा आपल्या मे महिन्यापेक्षा कितीतरी बरी. कारण आहे मँगो फ्लाय नावाची माशी. बाहेर वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर ती अंडी घालते. कपडा अंगात घातला की त्यातून निघालेली अळी कातडीत शिरते आणि तिथे गळवासारखा फोड येतो. बरा होतो, पण दुखतो, आणि कमरेच्या इलॅस्टिकखाली किंवा ब्राच्या पट्ट्याखाली झाला तर काम सुचत नाही. म्हणून बाहेर वाळलेल्या प्रत्येक कपड्याला कडक इस्त्री करायची, शिवणीवर आणि इलॅस्टिकवरसुद्धा. वीज नसते तेव्हा कोळशाची इस्त्री वापरतात, आणि तिला तापमानाचं बटण नसतं. सिंथेटिक निकर तिच्याखाली वितळते. फोमच्या ब्रा ना लवकर वाळत, ना त्यांना इस्त्री करता येत. साध्या सुती, एका थराच्या ब्रा आणि सुती निकर हाच शहाणपणाचा मार्ग.

दुसरी वाट म्हणजे हे कपडे खोलीत, जाळी लावलेल्या खिडकीच्या आत वाळवायचे. तसंही तिथे बायका आतले कपडे अंगणातल्या दोरीवर उघड्यावर टाकत नाहीत, आणि धुण्याला मदतनीस बाई असली तरी ते स्वतःच धुतात. आपल्याकडे गावात हीच रीत असल्यामुळे आपल्याला ती जड जात नाही. नायलॉनची चार-पाच मीटर दोरी आणि डझनभर चिमटे बॅगेत टाका. खोलीत दोरी बांधली की अर्धा प्रश्न सुटला.

मापाच्या ब्रा तिथे मिळतील या भरवशावर राहू नका. शहरात दुकानं आहेत, पण गावाकडच्या बाजारात बहुतेक माल परदेशातून आलेल्या वापरलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यांतला असतो. वरचे कपडे त्यात छान निघतात, आतले तिथून घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पाळीची तयारी प्रत्येकीने आपापल्या सवयीप्रमाणे करावी, पण शोषखड्ड्याच्या संडासात पॅड टाकता येत नाही आणि कचऱ्याची गाडी गावात येत नाही, हे धरून चला. मेन्स्ट्रुअल कप वापरत असाल तर उत्तम; तो उकळायला एक वेगळं छोटं पातेलं तिथेच घ्या. कापडी पॅड इथून नाही नेले तरी चालेल. मसाका भागात सुरू झालेल्या ‘आफ्रिपॅड्स’चे धुऊन वापरायचे पॅड युगांडातच बनतात. मकेरेरे विद्यापीठातल्या मोझेस मुसाझी यांनी पपायरसपासून ‘माकापॅड्स’ नावाचे स्वस्त पॅड तयार केले, तेही तिथलेच. शाळांमध्ये मुलींशी या विषयावर बोलणार असाल, तर त्या मुली जे वापरतात ते तुमच्याही पिशवीत असलेलं बरं. बोलणं तिथूनच सुरू होतं.

आता वरचे कपडे. युगांडात २०१४ साली अश्लीलताविरोधी कायदा आला. लोक त्याला ‘मिनीस्कर्टचा कायदा’ म्हणायचे, आणि तो आल्यावर रस्त्यात बायकांना अडवून त्यांचे कपडे फाडण्याचे प्रकार झाले. घटनात्मक न्यायालयाने २०२१ मध्ये त्यातली मुख्य कलमं रद्द केली. कलमं गेली, पण लोकांची नजर एका निकालाने बदलत नाही. २०१७ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांसाठी पोशाखाचं परिपत्रक निघालं होतं: गुडघ्याच्या वर जाणारा स्कर्ट नको, बिनबाह्यांचा किंवा आरपार दिसणारा ब्लाउज नको. तुम्ही सरकारी नोकर नसलात तरी आरोग्य केंद्रात आणि शाळेत याच चौकटीने तुमच्याकडे पाहिलं जातं. बाईने कपड्यांवरून बोलून घ्यावं असं मला मुळीच वाटत नाही. पण आपण तिथे काही महिन्यांपुरत्या असतो आणि आपल्यासोबतच्या स्थानिक सहकारी मैत्रिणी कायमच्या. आपल्यामुळे त्यांना टोमणे ऐकावे लागू नयेत, एवढं मी नक्की पाळते.

स्कर्ट निवडताना तो आरशासमोर उभं राहून बघू नका, जमिनीवर बसून बघा. गावात कुठल्याही घरी गेलात की बाईसाठी चटई अंथरली जाते. बुगांडा आणि बुसोगा या भागांत बायका वडीलधाऱ्यांना गुडघे टेकून नमस्कार करतात. पाहुणीकडून ती अपेक्षा नसते, पण चटईवर पाय एका बाजूला दुमडून तासभर बसायची असते. घेर कमी असेल तर स्कर्ट वर सरकतो आणि तुमचं सगळं लक्ष तो ओढण्यात जातं. समोरची आई बाळाच्या तापाबद्दल काय सांगते आहे, ते निसटतं. म्हणून घेरदार, पोटरीच्या मध्यापर्यंतचा स्कर्ट घ्या. घोट्यापर्यंत लोळणारा नको, कारण संडासात उकिडवं बसताना तो सावरताना फजिती होते. आणि खिसा हवाच. रात्री टॉर्च, फोन, किल्ली हे सगळं घेऊन अंगणापलीकडच्या संडासात जायचं असतं. हात मोकळे राहिले पाहिजेत. डोक्याला बांधायचा टॉर्च घेतलात तर आणखी चांगलं.

आपले पंजाबी ड्रेस आणि गुडघ्याखालचे कुर्ते तिथे उत्तम चालतात. असे तीन-चार न्या, गडद किंवा विटकरी रंगाचे. पांढरा रंग घरीच ठेवा, कारण तिथली लाल माती एकदा कापडात शिरली की जात नाही. दोन स्कर्ट तिथे शिवून घ्या. जिंजाच्या बाजारात कितेंगेचं, म्हणजे तिथलं रंगीबेरंगी छापील सुती कापड घ्यायचं आणि तिथेच ओट्यावर मशीन मांडून बसलेल्या शिंप्याकडे द्यायचं. खिसा हवा हे दोनदा सांगायचं. अंगावर तिथलं कापड बघून बायका स्वतःहून बोलायला येतात, आणि भारतीय बाईच्या बाबतीत याला जास्त महत्त्व आहे. भारतीय म्हणजे दुकानाचा नाहीतर कारखान्याचा मालक, ही ओळख तिथे जुनी आहे. १९७२ मध्ये इदी अमीनने नव्वद दिवसांची मुदत देऊन आशियाई लोकांना देशाबाहेर काढलं. पुढे बरेच जण परतले, पुन्हा धंदे उभे राहिले. तुम्ही गावात पाऊल टाकता तेव्हा हा इतिहास तुमच्या आधी पोचलेला असतो. सोन्याच्या बांगड्या, झगमगीत घड्याळ असं काही अंगावर असेल तर तुम्ही त्याच खात्यात जमा होता.

मंगळसूत्राबद्दल नवविवाहित मुली फार संकोचून विचारतात. माझं उत्तर: सोन्याचं घरी ठेवा. टॅक्सीच्या, म्हणजे तिथल्या चौदा सीटच्या व्हॅनच्या, खिडकीतून साखळी खेचली जाते, बोडावरून, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवरूनही खेचली जाते. हवंच असेल तर काळ्या मण्यांची साधी पोत पुरते. सासूबाईंशी निघण्याआधीच बोलून घ्या.

एक साडी मात्र जरूर न्या. हलकी, सुरकुत्या न पडणारी, परकर-ब्लाउजसकट. लग्नाआधीच्या क्वांजुला समारंभाचं बोलावणं कधी ना कधी येतंच, आणि तिथे सगळ्या बायका गोमेसी नेसून येतात: पायघोळ, चौकोनी गळ्याचा, फुगीर खांद्यांचा झगा, कमरेखाली रुंद पट्टा बांधलेला. आत किकोई नावाचं वेगळं कापड गुंडाळलेलं असतं. हा पोशाख १९०५ च्या सुमाराला गयाझा इथल्या मुलींच्या शाळेसाठी युगांडात स्थायिक झालेल्या गोम्स नावाच्या गोवेकर शिंप्याने शिवला. नावही त्याच्यावरूनच पडलं. आज तोच बुगांडाच्या बायकांचा मानाचा पोशाख आहे. एका चांगल्या गोमेसीला सहा मीटरपर्यंत कापड लागतं, म्हणजे साडीइतकंच. तुम्ही साडीत गेलात की बायका पदर हातात घेऊन बघतात, निऱ्या मोजतात, आणि मग त्यांचा पट्टा तुमच्या कमरेला बांधून दाखवतात.

प्रवासासाठी सगळीकडे बोडाच. बहुतेक आपल्या बजाजची बॉक्सर. स्कर्टमधल्या बायका एका बाजूला पाय सोडून बसतात. मी तसं बसू नका असंच सांगेन. आतून लेगिंग घाला आणि दोन्हीकडे पाय टाकून बसा. हेल्मेट इथून न्या. बोडावाल्याकडे दुसरं हेल्मेट क्वचित असतं, असलं तरी ते मापाचं नसतं. बॅगेत जागा खातं ही तक्रार मी ऐकून घेत नाही. त्याच्या पोकळीत सगळे मोजे आणि आतले कपडे बसतात.

पायांकडे बारकाईने लक्ष द्या. बुसोगात जिगर नावाची पिसू आहे. ती धुळीच्या जमिनीतून येते आणि नखाखाली, टाचेत घर करते. म्हणून अनवाणी अजिबात नाही, अंगणातसुद्धा नाही. पट्ट्याचे मजबूत फ्लोटर्स आणि धुता येणारे बंद बूट असे दोन जोड इथून, सरावाचे झालेले. घरात शिरताना पादत्राणं बाहेर काढायची पद्धत तिथेही आहे, तेव्हा पिशवीत मोजे ठेवा. गमबूट आणि बाथरूम स्लिपर बाजारात ढिगाने मिळतात.

लष्करी छापाचं काहीही नेऊ नका, मग ती टोपी असो की पाठीवरची सॅक. सामान्य माणसाने सैन्यासारखे कपडे घालणं तिथे गुन्हा आहे, आणि २०१९ पासून लाल बेरे टोपीही त्यात धरली जाते. सुट्टीत मर्चिसन फॉल्ससारख्या अभयारण्यात जाणार असाल तर गडद निळा आणि काळा टाळा. त्से त्से माशी या रंगांकडे धावते. संध्याकाळनंतर मात्र मलेरियाचा डास, म्हणून पूर्ण बाह्यांचे दोन सैल सदरे हवेतच. स्वेटर एक पुरे. काम कबालेकडच्या डोंगरात असेल तर दोन, तिथल्या रात्री खरोखर थंड असतात. मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर दक्षिणेत पाऊस. छत्री तिथे घ्या.

प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो, ब्रिटिश पद्धतीचा. एकच अ‍ॅडॉप्टर घ्या आणि त्याला आपला साधा एक्स्टेन्शन बोर्ड लावा. चष्म्याचा दुसरा जोड आणि रोजची औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट. मसाले, डाळी, पापड यांनी बॅग भरू नका, कंपाला आणि जिंजा दोन्हीकडे भारतीय दुकानं आहेत.

आणि पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड. लस फक्त सरकारमान्य केंद्रात मिळते आणि ते प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. युगांडात शिरताना ते बघतात, आणि परत येताना आपल्या विमानतळावरही बघतात. नसेल तर सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. जाताना सगळ्या जणी ते जपून हातात ठेवतात आणि येताना बाकी कागदांबरोबर मोठ्या बॅगेत टाकून मोकळ्या होतात. ते दोन्ही वेळा पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा.